काळीतली पांढरी

मिसळ फुकट असेल तर मी कुठेही जातो, हे या सदराच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. त्यामुळे रविवारी मेव्हणा "प्लॉट बघायला जायचंय, गाडी त्यांची, नाश्ता त्यांचा" म्हणाला तेव्हा मी लगेच तयार झालो.

सोलापूर रस्त्याला, यवतच्या अलीकडे गाडी थांबली. मुठा उजव्या कालव्याच्या पाण्याचा हा मुलूख. कमान उभी होती, रंगीत झेंडे फडफडत होते आणि पायाखाली खोडव्याचे बुडखे टोचत होते.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. जमिनीची खांडोळी होऊ नये म्हणून 1947 पासून तुकडेबंदी आहे. 2023 पासून बागायतीला किमान 10 गुंठे, जिरायतीला 20. तरी गुंठा-गुंठा विकला जातोच. दहा अनोळखी माणसं एका सातबाऱ्यावर सामाईक नांदतात. 2025 मध्ये तर शहरालगतचे असे तुकडे नियमित करायचं सरकारनेच जाहीर केलं.

"जमीन एकदम काळीभोर दिसतेय," मी म्हटलं. इस्त्रीच्या शर्टातला पोरगा घाबरलाच. "टेन्शन घेऊ नका काका, ही सगळी काढणार. चार फूट काळी काढून मुरूम भरून देतोय आपण."

त्याचं बरोबरच होतं. काळी पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगांत हात जाईल इतकी फाटते. तिच्यावर नुसतंच घर बांधलं तर भिंतींना तडे जातात. म्हणजे जी माती पिकाला सर्वांत चांगली, ती घराला सर्वांत वाईट. माझ्या आजीला हे इंजिनिअर न होता ठाऊक होतं. तिच्या बोलण्यात गावाचे दोनच भाग असत : पिकते ती काळी, राहायची ती पांढरी.

आता पांढरीचा विषय निघालाच आहे तर. पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या भिंती पडून, चुलीची राख मिसळून वस्तीची जमीन पांढुरकी होते. पुराणवस्तूवाले जुनी गावं शोधायला निघाले की आधी अशी पांढरीची टेकाडंच बघतात. शिरूर तालुक्यातलं इनामगाव डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 खणलं; तीन हजार वर्षांपूर्वीची घरं, चुली, पुरलेली माणसं सापडली. आणि गंमत बघा, ओसाड पांढरीची माती शेतकरी खत म्हणून गाड्या भरभरून शेतात नेत. पांढरी काळीत जायची. हे मी मेव्हण्याला मिसळ खाताना सांगत होतो. तो पाव मागवत होता.

"काढलेली काळी जाते कुठे?" मी पोरग्याला विचारलं.

"नर्सरीवाले नेतात ना काका. गोण्या भरून विकतात."

मेव्हणा खाता खाता थांबला. गच्चीतल्या कुंड्यांसाठी तो दर पावसाळ्याला हडपसरहून काळ्या मातीच्या गोण्या आणतो, घासाघीस करून. मला वाटलं, आता तरी याच्या डोक्यात काही प्रकाश पडेल.

"मग प्लॉट घेतला तर दोन गोण्या फ्री द्याल का?" त्याने विचारलं.

प्लॉटचं टोकन दिलं नाही. दर परवडला नाही. एक गोणी मात्र डिकीत आली, ती आता माझ्या गॅलरीत आहे. सोमवारी तिच्यात मेथी पेरली. गुरुवारी वर आली.