पडद्यामागच्या गळ्याचे गीत

तिसगावात लग्नाच्या मांडवात आशा भोसले यांचा आवाज हमखास ऐकू येतो. परंतु सांगलीत जन्मलेल्या या गायिकेवर रचलेले गीत फेब्रुवारी १९९८ मध्ये ब्रिटनच्या विक्रीयादीत पहिले होते, असे सांगितले की समोरचा हसतो. गीत ‘ब्रिमफुल ऑफ आशा’, वाद्यवृंद कॉर्नरशॉप.

‘एका गाण्याचे धनी’ अशी या मंडळींची नोंद होते. हा अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत. तेही श्रेय नॉर्मन कुक यांच्या वेगवान रिमिक्सकडे जाते. मूळ गीत १९९७ मध्ये ६० व्या क्रमांकावरच अडकले होते. मला ते संथ रूपच अधिक प्रिय.

नावाकडे पाहा. आशियाई माणूस म्हणजे कोपऱ्यावरचा दुकानदार, ही तिथली हेटाळणी तजिंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी स्वतःच पाटी म्हणून मिरवली. १९९३ ची पहिली तबकडी तर करीच्या रंगाची काढली! पंकचा उद्धटपणा तो हाच. १९९७ च्या अल्बमअखेर ‘नॉर्वेजियन वुड’ पंजाबीत येते. १९६५ मध्ये बीटल्सनी त्यात सतार वाजवली होती. ती उसनवारी अशी वसूल झाली.

आणि आशाच का? पडद्यावर ओठ नायिकेचे, गळा दुसरीचा. इथे त्या गळ्याचेच नाव शीर्षकात आहे. गीतातला ४५ हा आकडा मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या छोट्या तबकडीचा. ऐकताना आधी मूळ गीत लावा, रिमिक्स नंतर.