पाहुणपण कधीं संपावें?

पुण्याच्या एका भगिनीचें पत्र समोर आहे. त्यांच्या मुलीला नागपूरच्या 'नीरी' या प्रयोगशाळेंत एक वर्ष पाहुणी संशोधक म्हणून काम करण्याची संधि मिळाली आहे. नागपुरांत धंतोलीस मुलीच्या थोरल्या काकांचें मोठें, नांदतें घर. चौदा माणसें एका चुलीवर जेवणारीं. काकांचा आग्रह असा कीं, स्वतःचें घर गांवांत असतांना मुलीनें वसतिगृहांत राहणें शोभत नाहीं. मुलीचें म्हणणें असें कीं, त्या घरांत प्रेम भरपूर मिळेल, पण काम होणार नाहीं. बाई विचारतात, "मुलीचें ऐकूं, कीं दिरांचा मान राखूं?"

हा प्रश्न एका घराचा असता तर खाजगी उत्तर देऊन भागलें असतें. परंतु आज आपल्या घरांतील मुलें-मुली वर्षा-दोन वर्षांसाठीं दूरच्या प्रयोगशाळांत जातात, आणि आप्तांचें घर त्या गांवीं असलें कीं हाच पेंच उभा राहतो. म्हणून येथें सविस्तर लिहितों. माझें मत प्रथमच सांगून टाकतों: मुलीनें काकांकडेच राहावें, मात्र पाहुणी म्हणून राहूं नये. आणि प्रयोगशाळेंतही तिनें आपलें पाहुणपण शक्य तितक्या लवकर संपवावें.

ज्या संस्थेंत ती जात आहे तिची थोडी ओळख घरच्या मंडळींना असणें जरूर आहे. वर्धा मार्गावरील ही संस्था १९५८ सालीं 'केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था' या लांबलचक नांवानें निघाली. पिण्याचें पाणी, सांडपाणी आणि त्यांतून पसरणारे रोग हे तिचे आरंभीचे विषय. १९७४ सालीं तिचें नांव 'राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था' असें झालें, आणि त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून लोक तिला नीरी म्हणूं लागले. हिच्या कामाचा एक नमुना प्रत्येक गृहिणीला समजेल असा आहे. कांहीं भागांत विहिरीच्या पाण्यांत फ्लोराइड नांवाचा क्षार प्रमाणाबाहेर असतो. त्यानें मुलांचे दांत डागाळतात व पुढें हाडें आंखडतात. दिसायला पाणी स्वच्छ, आणि उकळूनही हा दोष जात नाहीं. नीरीच्या शास्त्रज्ञांनीं यावर जी रीत बसविली तींत चुना, ब्लीचिंग पावडर आणि आपली घरगुती तुरटी एवढेंच साहित्य लागतें: मिसळावें, ढवळावें, गाळ बसूं द्यावा व वरचें पाणी काढून घ्यावें. तेलंगणांतील नलगोंडा जिल्ह्याच्या नांवानें ती रीत प्रसिद्ध आहे. ज्या प्रयोगशाळेचें काम अशा रीतीनें घरच्या बादलीपर्यंत पोंचतें, तेथें आपली मुलगी जाते ही अभिमानाची गोष्ट होय.

आतां प्रयोगशाळेंतील पाहुणपणाविषयीं. कोणत्याही मोठ्या प्रयोगशाळेंत नव्या माणसाचा पहिला पंधरवडा कागदांतच जातो. दाराशीं दाखवावयाचें ओळखपत्र, ग्रंथालयाची परवानगी, बसावयास टेबल, कपाटाची किल्ली, उपकरणावर आपली पाळी. या दिवसांत मनाला वाटतें, आपण येथें कोणीच नाहीं. तें तसेंच असतें, आणि त्याचें दुःख मानूं नये. या रिकाम्या दिवसांचा खरा उपयोग माणसें ओळखण्याकडे करावा. वीस वर्षें एकच यंत्र संभाळणारा साहाय्यक, काचेचीं भांडीं धुणारा मदतनीस, रसायनांचें कोठार पाहणारे गृहस्थ, यांना जें ठाऊक असतें तें कोणत्याही पुस्तकांत सांपडत नाहीं. आपली ब्युरेट आपण धुवावी, बाटलीवर चिठ्ठी स्वच्छ अक्षरांत लावावी, वहींत तारीख व वेळ त्याच क्षणीं टिपावी. जो पाहुणा दुसऱ्याच दिवशीं आपलें ताट स्वतः उचलतो त्याला घर आपलें म्हणतें. प्रयोगशाळेचाही न्याय तोच.

एक वाक्य मात्र कटाक्षानें टाळावें: "आमच्याकडे असें करीत नाहींत." हें वाक्य प्रयोगशाळेंत जितकें बोंचतें तितकेंच काकूंच्या स्वयंपाकघरांतही बोंचेल. पुण्याच्या मुलीला नागपुरांत पहिल्याच आठवड्यांत कळेल कीं, तेथें बटाट्याला आलू म्हणतात, आणि "सांबार आण" म्हटलें तर कोथिंबीर आणावयाची असते. हंसावें, शिकावें आणि चार दिवसांनीं आपणही तसेंच म्हणावें.

परंतु रुळावयाचें तें एकट्या पाहुण्यानेंच काय? माझें मुख्य म्हणणें येथेंच आहे. आलेला माणूस खरोखर रुळला म्हणजे ज्या घरीं तो आला तें घरही थोडें बदलतें; आणि तें बदलावयास तयार नसेल तर पाहुणा वर्षभर पाहुणाच राहतो.

याचें एक सुंदर उदाहरण त्या प्रयोगशाळेंतच आहे. पाणी किती घाण आहे हें मोजण्याची एक जुनी परीक्षा आहे. काचेची बाटली पाण्यानें कांठोकांठ भरावी, आंत हवेचा बुडबुडा राहूं देऊं नये, आणि ती अंधारांत ठराविक उष्णतेंत ठेवावी. पाण्यांतील सूक्ष्म जंतु घाण खातात आणि तसें करतांना पाण्यांत विरघळलेला प्राणवायु वापरतात. ठरलेल्या मुदतीनंतर बाटली उघडून प्राणवायु किती उरला तें पाहावें. कोठींतले तांदूळ किती संपले यावरून पंगत किती मोठी होती हें आपण ओळखतों, तसेंच हें. ही परीक्षा विलायतेंतून आली. सांडपाण्याविषयींच्या ब्रिटिश शाही आयोगानें १९१२ सालीं तिला पांच दिवसांची मुदत नेमून दिली, आणि पुढें २० अंश सेल्सिअस हें तापमान रूढ झालें. पण आपला देश उष्ण. येथें जंतूंचें काम अधिक वेगानें चालतें. म्हणून भारतीय मानकानें तीच परीक्षा २७ अंशांवर तीन दिवसांची केली. परक्या मुलखांतून आलेली पद्धतिसुद्धां येथील हवेशीं जमवून घेऊन मगच घरची झाली, आणि घरानेंही तिच्यासाठीं आपला नियम नव्यानें लिहिला.

याच बाटलीमुळें काकांच्या घरांत पहिला खटका उडण्याचा संभव आहे, हेंही सांगून ठेवतों. गुरुवारीं सकाळीं ठेवलेली बाटली रविवारीं सकाळीं उघडावीच लागते. त्या रविवारीं घरांत मुंज असली, म्हणून जंतु थांबत नाहींत. मुलगी मुहूर्ताच्या वेळीं दोन तास दिसली नाहीं तर "एवढें काय मोठें काम!" असा शब्द निघेल. तो निघूं नये म्हणून घरांतील वडील मंडळींनीं बाटलीचें हें गणित आधींच समजून घ्यावें. आणि मुलीनेंही घरचें पंचांग पाहून शक्य तेव्हां बाटली बुधवारीं किंवा शुक्रवारीं ठेवावी.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. या मुलीचें काम सांडपाण्याशीं. अंबाझरीकडून शहरांत येणारी नाग नदी गांवाचें मैलापाणी वाहत पुढें कन्हानकडे जाते. तिच्या कांठीं उभें राहून नमुने भरणें हेंही अशा संशोधकाच्या वांट्यास येतें. ज्या घरांत आजींचें सोंवळें आहे तेथें "गटाराच्या पाण्यांत हात घालून आली आणि स्वयंपाकघरांत शिरली" अशी कुरकुर होईल. आजींना कोणी तरी समजावून सांगावें कीं, प्रयोगशाळेचें सोंवळें त्यांच्याहून कडक आहे. तेथील अंगरखा तेथेंच राहतो, हातमोजे काढून टाकावे लागतात, साबणानें हात धुतल्यावांचून पाणी पिण्याची सुद्धां मनाई असते. आणि एक गोष्ट आपण सर्वांनींच मनाशीं कबूल करावी. ज्यांनीं पिढ्यान् पिढ्या आपली घाण उपसली त्यांना आपण दाराबाहेर ठेवलें. आज घरचीच मुलगी त्या घाणीची विद्या शिकून तिचें पाणी पुन्हां वापरण्याजोगें कसें होईल हें पाहते. भांडेवाडीस शुद्ध केलेलें नागपूरचें सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातें. तेव्हां आजींच्या माजघरांतील दिवा कांहीं अंशीं त्याच पाण्यावर जळतो, असें म्हटलें तरी चालेल. मुलीला उंबऱ्यावर अडविण्यापूर्वीं एवढें आठवावें.

पाहुणीमुळें घर बदलतें याचा सर्वांत मोठा दाखला आपल्याच समाजांतला आहे. १९३३ सालीं कमला भागवत, म्हणजेच पुढें नांवारूपास आलेल्या डॉ. कमला सोहोनी, यांनीं मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्या क्रमांकानें मिळवून बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत अर्ज केला. त्यांचे वडील व चुलते त्याच संस्थेंत शिकलेले. तरीही संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं केवळ स्त्री म्हणून त्यांना नाकारलें. त्या हटल्या नाहींत. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिलें वर्ष पारखण्याचें, आणि त्यांच्या असण्यानें पुरुष संशोधकांचें लक्ष विचलित होतां कामा नये. ही अट अन्यायाची होती, आणि तिला दुसरें नांव देण्याचें कारण नाहीं. कमलाबाईंनीं दुधांतील व कडधान्यांतील प्रथिनांवर काम करून दाखविलें. आणि त्या वर्षानंतर संस्थेचें दार इतर स्त्रियांसाठींही उघडलें.

पुढें त्या केंब्रिजला गेल्या. तेथें डॉ. डेरेक रिक्टर यांनीं त्यांना आपलें एक टेबल देऊं केलें. दिवसा त्यावर बाईंनीं काम करावें आणि रात्रीं त्याच टेबलावर स्वतः रिक्टर झोपत, अशी आख्यायिका आहे. त्यानंतर डॉ. रॉबिन हिल यांच्याकडे बटाट्यावर काम करीत असतां वनस्पतींच्या पेशींतही 'सायटोक्रोम सी' हें द्रव्य असतें, असें त्यांना आढळलें. आणि १९३९ सालीं त्यांना डॉक्टरेट मिळाली. एका ठिकाणीं अटी, दुसऱ्या ठिकाणीं टेबल. संशोधकाला यजमानाकडून काय हवें असतें, याचा निवाडा या दोन गोष्टींत होऊन जातो.

तेव्हां काकांच्या घरानें मुलीला काय द्यावें? चांदीचें ताट नको, रोज नवें पक्वान्न नको. एक टेबल द्यावें, ज्यावर दुसरें कोणी कपड्यांच्या घड्या ठेवणार नाहीं. दाराची एक किल्ली द्यावी, म्हणजे रात्रीं उशीर झाला तर तिच्यासाठीं कोणी जागत बसणार नाहीं, आणि तिलाही अपराधी वाटणार नाहीं. झांकून ठेवलेलें जेवण द्यावें. आल्या-गेल्यासमोर "आमची शास्त्रज्ञ" म्हणून तिला बोलावून आणूं नये. उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हां सकाळीं सातला निघावयाचें म्हटलें तर तिला सहाला चहा मिळावा, एवढेंच पुष्कळ आहे.

मुलीनेंही घेऊन स्वस्थ बसूं नये. आठवड्यांतून एक वेळचा स्वयंपाक, नाहीं तर लहान चुलत भावंडांचें गणित, असें एक ठराविक काम तिनें आपल्या अंगावर घ्यावें आणि चुकवूं नये. परत येण्याची वेळ सकाळींच सांगावी. बदलली तर कळवावें. महिन्याचा कांहीं खर्च काकूंच्या हातीं द्यावा. त्यांनीं नाकारला तर घरांत लागणारी एखादी वस्तु न चुकतां आणावी.

आतां या बाईंनीं दोन पत्रें लिहावीं. दिरांना लिहावें: "मुलगी आपल्याकडेच राहील, तिला टेबल व किल्ली द्यावी, आणि तीन महिने तिला निकाल विचारूं नये." मुलीला लिहावें: "काकांकडे राहा, तेथें एक काम आपलें म्हणून कर." दिरांचें उत्तर अनुकूल आलें तर प्रश्न मिटला. तें तसें न आलें, टेबलाला जागा नाहीं किंवा उशिरा येणें चालणार नाहीं असें त्यांनीं मोकळेपणानें कळविलें, तर मुलीनें खुशाल वसतिगृहांत राहावें आणि दर रविवारीं बाटली उघडून झाल्यावर काकांकडे जेवावयास जावें. त्यांत कोणाचाच मान जात नाहीं.