टीडीएस मीटर बाजूला ठेवा, आधी पाणी तपासा



पावसाळा लागला की आमच्या रोहण्यात दवाखान्यात दोन प्रकारचे लोक येतात. एक, जुलाब-उलट्यांनी बेजार झालेले. दुसरे, "डॉक्टरसाहेब, घरी कोणता आरओ बसवू?" असं विचारणारे. या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर ऐकून बरेच जण नाराज होतात. तरीही स्पष्टच लिहितो. पाण्याची तपासणी न करता, नुसता टीडीएसचा आकडा पाहून दहा-पंधरा हजारांचं यंत्र घेणं म्हणजे रक्त न तपासता रक्तदाबाच्या मशीनवर मलेरियाचं निदान करण्यासारखं आहे.

टीडीएस मीटर नेमकं काय सांगतं?

ते पाण्यातून वीज किती सहज वाहते एवढंच मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. क्षार कोणते, हे त्याला कळत नाही. कॅल्शियम असो की नायट्रेट, मीटरला सारखंच. जंतू तर त्याला दिसतच नाहीत. गटाराचं पाणी शिरलेल्या नळाचा आकडा २०० आणि स्वच्छ विहिरीचा ६०० असू शकतो. आजारी कोणतं पाडेल?

जुलाबाच्या रुग्णाला आम्ही ओआरएस देतो. त्यात लिटरमागे सुमारे ७ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे ७००० मिलिग्रॅम. विक्रेत्याच्या हिशेबाने ते विषच ठरायला हवं! भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात टीडीएस ५०० पर्यंत स्वीकारार्ह आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतो. मग "१५० च्या वर धोका" हा नियम आणला कुठून?

तो तपकिरी पाण्याचा खेळ

दोन सळया पाण्यात बुडवतात, वीज सोडतात, तुमच्या विहिरीचं पाणी गढूळ तपकिरी होतं आणि आरओचं तसंच राहतं. बायाबापड्या घाबरतात. अहो, तो गाळ पाण्यातला नाही, सळईच्या लोखंडाचा आहे. क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड झिजतं. आरओच्या पाण्यात क्षार नाहीत म्हणून काही होत नाही. पुढच्या वेळी त्यांच्याच आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला सांगा. तेही पाणी तसंच तपकिरी होईल. एवढं केलं की विक्रेता बॅग आवरेल.

"जड पाण्याने मुतखडा होतो" हीही भीती अशीच विकली जाते. पाण्याच्या जडपणाने मुतखडा होतो याला ठोस पुरावा नाही. उन्हाळ्यात ४५ अंशांत शेतात राबून पाणी कमी पिणं हे मात्र मुतखड्याचं मोठं कारण आहे. जड पाण्याने डाळ शिजायला वेळ लागतो, भांड्यावर पांढरा थर बसतो. त्रास खरा आहे, पण तो आजार नाही.

मग आरओ कधी घ्यायचा?

इथे आपल्या जिल्ह्याची खरी अडचण येते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात, भूजलात नायट्रेट जास्त असलेल्या देशातल्या प्रमुख जिल्ह्यांत वर्ध्याचं नाव आहे. कपाशी-संत्र्याला टाकलेला युरिया, विहिरीजवळचा उकिरडा, संडासाचा खड्डा, हे सगळं झिरपून पाण्यात येतं. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिला सवलत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला असं पाणी घालून वरचं दूध दिलं तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते आणि अंग निळं पडू शकतं.

लक्षात घ्या, उकळल्याने नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटून प्रमाण वाढतं. कँडल, यूव्ही, यूएफ यांनीही ते जात नाही. आरओने बरंच कमी होतं. म्हणून,

- नायट्रेट किंवा फ्लोराइड मर्यादेबाहेर आणि दुसरा स्रोत नाही: आरओ घ्या. टाकाऊ पाणी भांडी-फरशीला वापरा.
- फक्त जंतूंची भीती: उकळा, क्लोरीन टाका, नाहीतर यूव्ही किंवा यूएफ घ्या. यूव्हीला पाणी नितळ हवं आणि वीज हवी, लोडशेडिंगचा विचार करा.
- कोणताही फिल्टर: कँडल, मेंब्रेन वेळेवर बदलणार नसाल तर घेऊ नका.
- आणि माठात हात न बुडवता ओगराळ्याने पाणी घ्या. फिल्टरचं पाणी हाताने खराब झालं तर फिल्टरचा दोष नाही.

गरज नसताना आरओ लावला तर एक हंडा पाण्यासाठी दोन-तीन हंडे नालीत जातात. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये टीडीएस ५०० पेक्षा कमी असेल तिथे आरओवर बंदी आणायला सरकारला सांगितलं होतं. मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावांना हे वेगळं सांगायला नको.

माझा खरा राग

माझा राग यंत्रावर नाही. गावातल्या ऐपतदार घरांत आरओ बसला की ती माणसं टाकीच्या पाण्याबद्दल बोलणं सोडतात. ब्लिचिंग पावडर पडते का, पाइप नालीतून गेलाय का, हे मग कोणी विचारत नाही. गॅस्ट्रोची साथ येते तेव्हा सलाईन लागते ती मजुराच्या पोराला. पैसेवाल्यांनी पाण्यातून अंग काढून घेतलं की सार्वजनिक पाण्याला वालीच उरत नाही.

म्हणून यंत्राची चौकशी करण्याआधी तीन कामं करा. आपल्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या आणि जंतू, नायट्रेट, फ्लोराइड हे तीन आकडे लेखी घ्या. नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट जलसुरक्षकाला तुमच्यासमोर करायला लावा. पिवळा रंग आला नाही तर क्लोरीन नाही. आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत गावाच्या स्रोताचा तपासणी अहवाल वाचून दाखवायला सांगा. प्रत्येक स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जंतूंची दोनदा व्हायला हवी. झाली नसेल तर उभं राहून विचारा.

तो अहवाल हातात घेऊन या, मग कोणता फिल्टर घ्यायचा ते मी पाच मिनिटांत सांगतो. फी लागणार नाही.