आंबापाणीचे जर-तर

गेल्या दिवाळीत सहकुटुंब धुळ्याहून इंदूरला निघालो होतो. शिरपूर, पळासनेर मागे पडले, बिजासनीचा घाट लागला आणि सवयीप्रमाणे मी खाज्या नाईकांची गोष्ट काढली. नोव्हेंबर १८५७ मध्ये इंदूरहून मुंबईकडे चाललेला सुमारे सात लाखांचा खजिना भिल्लांनी सेंधव्याच्या याच घाटात लुटला. नातवाने विचारले, "आजोबा, तात्या टोपे तेव्हाच इकडे आले असते तर?"

पंडित मंडळी 'जर-तर'ला उंबरठ्याबाहेर ठेवतात. मी पंडित नसल्याने मला ती अडचण नाही.

तारखा मोठ्या चुटपुट लावणाऱ्या आहेत. १ एप्रिल १८५८ ला तात्या बेतवेकाठी हरले. ११ एप्रिलला सातपुड्यात आंबापाणीला भिल्लांची लढाई झाली. तात्या नर्मदा उतरून खरगोणच्या मुलखात पोहोचले ते नोव्हेंबरात. सात महिन्यांची ही चुकामूक! पण तात्या आधी आले असते, तर पाठलागावरच्या इंग्रज पलटणीही घेऊन आले असते.

माझे 'जर' वेगळे आहे. खाज्या नाईक पूर्वी कंपनीच्या चाकरीत याच रस्त्याची राखण करीत. कुठली घळ कुठे निघते, हे त्यांना तळहातासारखे ठाऊक. खजिन्यावरचा छापा त्या माहितीच्या बळावरच पडला. आंबापाणीला मात्र खडकांच्या आडोशाने ठाण मांडून लढावे लागले. बायकामुले जवळ असताना पळायचे तरी कुठे? तो जमाव आधीच विखुरला असता आणि दोन महिने निभावला असता, तर पावसाने डोंगरवाटा बंद केल्या असत्या. गोऱ्या फौजेला तेव्हा सातपुडा चढणे जड गेले असते.

अर्थात गोऱ्यांनाच. कारण समोर खानदेशी भिल्ल पलटणही होती. १८२५ साली आपल्या धरणगावला औट्रम साहेबाने ती उभी केली. भिल्लांबरोबर त्याने वाघांच्या शिकारी केल्या, त्यांना माफी दिली, पगार लावला. म्हणजे जंगलाची तीच विद्या दुसऱ्या बाजूलाही पोहोचली होती. एवढे मनात आले आणि माझे सारे डावपेच लटके पडले. लढाईचा निकाल सुमारे तेहतीस वर्षे आधीच धरणगावात लागू लागला होता, असे आता वाटते.

"मग धरणगावचे भिल्ल वाईट होते?" नातवाचा पुढचा प्रश्न.

"नाही रे. त्यांना पगार मिळत होता."

"आणि खाज्या नाईकांना?"

"त्यांनाही. आधी."