पीकेंच्या मागे रेल्वे होती, आमच्या पोरांच्या मागे कोण?

शाहू स्टेडियमवर सीझन सुरू झाला की बोलणं ठरलेलं असतं. कुठल्या तालमीनं बाहेरचा कुठला फॉरवर्ड आणला, बक्षीस किती, कुणाची जिरली. गल्लीगल्लीत तेच. पण कालपर्यंत ज्याच्या गोलावर हलगी वाजत होती, तो पस्तिशीत गेल्यावर काय करतो यावर कुणी बोलत नाही. आज त्यावरच लिहितोय. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

प्रदीपकुमार बॅनर्जी, म्हणजे पीके, नव्या पोरांना माहीत असतील ते 'मैदान' सिनेमामुळं. जलपाईगुडीचा जन्म, जमशेदपूरला वाढले. उजव्या बाजूनं सुसाट जाणारा फॉरवर्ड. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारत चौथा आला त्या संघात ते होते. (त्याच स्पर्धेत मुळच्या गोव्याच्या नेव्हिल डिसोझांनी ऑस्ट्रेलियावर हॅट्ट्रिक मारली होती. हे नाव आपल्याकडं किती जणांना ठाऊक आहे?) १९६० ला रोममध्ये पीके कप्तान, फ्रान्सला १-१ असं रोखलं, आपला गोल कप्तानाचाच. १९६२ ला जकार्तात एशियाडच्या फायनलला दक्षिण कोरिया २-१ नं हरला, त्यातलाही एक गोल पीकेंचा. फुटबॉलमधला पहिला अर्जुन पुरस्कार त्यांचा, १९६१ चा.

आता मुद्द्याची गोष्ट. एवढा मोठा खेळाडू, पण नाव केलं ते ईस्टर्न रेल्वेकडून. मोहन बागान किंवा ईस्ट बंगालकडून नव्हे. १९५८ ला याच रेल्वेनं बड्या क्लबांना मागं टाकून कलकत्ता लीग जिंकली. रेल्वे म्हणजे नोकरी. महिन्याच्या महिन्याला पगार. १९६७ ला दुखापतीनं खेळ थांबला तेव्हा त्यांना उद्याच्या भाकरीची चिंता नव्हती, म्हणून तर कोचिंग शिकायला उसंत मिळाली. लोक म्हणतात, पीके म्हणजे उपजत कोच. मला ते पटत नाही. डोळ्यासमोर रहीमसाहेबांसारखा गुरू होता (आणि रहीमसाहेब पेशानं शाळामास्तर, हेही ध्यानात ठेवा), आणि शिकायला वेळ होता. हे दोन्ही नसतं तर नुसत्या उपजत गुणांनी काय झालं असतं?

पुढचं कोचिंगचं रेकॉर्ड तर थक्क करणारं आहे. १९७० च्या एशियाडमध्ये भारताला ब्राँझ. ईस्ट बंगाल हातात घेतलं, तर १९७५ च्या शील्ड फायनलमध्ये मोहन बागानला ५-०. लगेच मोहन बागानकडं गेले, तर १९७७ ला ईडन गार्डन्सवर पेलेच्या कॉसमॉसशी २-२ बरोबरी, आणि त्याच वर्षी शील्ड, ड्युरँड आणि आपल्या मुंबईची रोव्हर्स, तिन्ही खिशात. १९९७ च्या फेडरेशन कपची सेमीफायनल तर जुनी माणसं अजून सांगतात. सॉल्ट लेकवर सव्वा लाखाच्या वर माणूस. समोर अमल दत्तांची गाजलेली डायमंड पद्धत. दत्तांनी भुतियाला 'चुंग चुंग' म्हणून डिवचलं होतं. पीकेंनी बोलून पोरं पेटवायची, 'व्होकल टॉनिक' म्हणायचे त्याला. निकाल ४-१, भुतियाची हॅट्ट्रिक.

पण मला या सामन्यांपेक्षा टाटा फुटबॉल अकादमीतली त्यांची वर्षं जास्त मोलाची वाटतात. तिथं ना गर्दी, ना हेडलाइन. रोज सकाळी पोरांना शिकवणं, बस्स. त्यासाठी संस्था लागते.

आणि नेमकं तेच आपल्याकडं उलटं झालं. महिंद्रा युनायटेड २०१० ला बंद. नोकरी देणारे संघ एकेक करत आटले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये खालिद जमील भारताचे कोच झाले, गोव्याच्या सावियो मदेरांनंतर तेरा-एक वर्षांनी भारतीय माणूस त्या खुर्चीवर बसला. खालिद फॉरवर्ड नव्हेत, हाफ. पण घडले कुठं? महिंद्रा, एअर इंडिया, मुंबई एफसी. यातली आज कुठली शिल्लक आहे? ही शिडीच काढून घेतली, तर पुढचा खालिद चढणार कुठून?

कोल्हापूरचं बोलायचं तर खेळाडू कमी नाहीत. अनिकेत जाधव १७ वर्षांखालच्या वर्ल्डकपला खेळला. पण त्यालाही घडायला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत जावं लागलं. इथं पेठेतला हुकमी फॉरवर्ड खेळ सुटला की रिक्षा, दुकान, नाहीतर एखाद्या नेत्याच्या मागं. पोरांना शिकवायला लावलं तर 'बघ की रे जरा संध्याकाळी' एवढंच. मानधनाचं नाव काढायचं नाही. वर लायसन्स नाही म्हणून नावं ठेवायची. कोचिंगच्या परीक्षेला फी लागते, कामावरची रजा लागते, परगावी राहणं लागतं. हे सगळं त्यानं कुठून आणायचं?

तालमींच्या कारभाऱ्यांना एकच सांगणं आहे. बाहेरच्या एका खेळाडूवर सीझनला जेवढे घालता, त्यातले थोडे बाजूला काढा. दरवर्षी आपल्याच दोन जुन्या खेळाडूंना डी लायसन्सच्या कोर्सला पाठवा, आणि परत आल्यावर महिन्याला ठरलेले पैसे द्या. पुढच्या सीझनआधी कुठली तालीम हे करते ते कमेंटमध्ये सांगा. पहिलं नाव मी स्वतः पोस्ट करतो, मग ती तालीम माझ्या पेठेची नसली तरी चालेल.