दोन विस्तव

राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत, मधले रविवार वगळले असता, बरोबर ४० दिवस भरतात. ह्या दिवसांस ख्रिस्ती मंडळीत उपवासकाळ म्हणतात. ह्या काळात व ईस्टरनंतरच्या आठवड्यांत मंदिरात कोणते शास्त्रपाठ वाचावयाचे हे ठरलेले असते. पुष्कळ मंडळ्यांत त्यासाठी तीन वर्षांचा क्रम चालतो. शाळेत मात्र ह्या सर्व पाठांपैकी दोनच प्रसंग मुलांच्या कानी विशेषेकरून पडतात : उत्तम शुक्रवारचा वधस्तंभ आणि ईस्टरची रिकामी कबर. हे दोन प्रसंग ख्रिस्ती श्रद्धेचा पाया होत, ह्यात शंका नाही. परंतु त्यांच्याच शेजारी पेत्राची कथा आहे, आणि ती आपण मुलांस अर्धीच ऐकवितो. ती पुरी ऐकविली पाहिजे, असे माझे नम्र मत आहे.

कथेचा पूर्वार्ध योहानकृत शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायात आहे. येशूला धरून प्रमुख याजकाच्या वाड्यात नेले आहे. रात्र थंडीची असल्यामुळे चाकरांनी व शिपायांनी अंगणात कोळशांचा विस्तव केला आहे, आणि पेत्र त्यांच्यात उभा राहून शेकत आहे. काही तासांपूर्वीच त्याने गुरूसाठी प्राण देण्याची भाषा केली होती. आता दारावरची एक दासी त्याला विचारते, मग भोवतालची माणसे विचारतात, शेवटी एक चाकर विचारतो. आणि तिन्ही वेळा, आपण त्या गुरूचे शिष्य नव्हे, असेच तो सांगतो. तोच कोंबडा आरवतो. ज्याने तलवारीस भिऊ नये तो एका दासीच्या प्रश्नास भ्याला!

उत्तरार्ध त्याच शुभवर्तमानाच्या २१ व्या अध्यायात आहे. पुनरुत्थानानंतरची एक पहाट. सात शिष्य रात्रभर तिबिर्याच्या समुद्रावर जाळे टाकून रिकाम्या हातांनी परतत आहेत. किनाऱ्यावरून कोणी सांगितल्याप्रमाणे ते पुन्हा जाळे टाकतात आणि १५३ मोठे मासे सापडतात. सांगणारा येशूच आहे, हे कळताच पेत्र पाण्यात उडी टाकून तीराकडे धावतो. तेथे कोळशांचा विस्तव पेटलेला असतो, त्यावर मासळी असते, आणि भाकरही असते. कोळशांच्या विस्तवाला मूळ ग्रीक भाषेत जो ‘अँथ्राकिया’ शब्द योजिला आहे, तो साऱ्या नव्या करारात ह्या दोनच ठिकाणी येतो. पहिल्या विस्तवापाशी पेत्राने तीनदा नाकारले. दुसऱ्या विस्तवापाशी, माझ्यावर तुझी प्रीती आहे काय, असे त्याला तीनदा विचारण्यात येते. ह्या प्रसंगाचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी न्याहारी, मग प्रश्न. प्रश्नात मागील अपराधाचा एका शब्दानेही उल्लेख नाही. आणि प्रत्येक उत्तरानंतर काम सोपविले जाते : कळपातील कोकरे व मेंढरे सांभाळण्याचे.

आता पंचांगाकडे पाहा. पहिला विस्तव उत्तम शुक्रवारी दरवर्षी वाचला जातो. दुसरा मात्र त्या त्रैवार्षिक क्रमात तिसऱ्या वर्षी, ईस्टरच्या काळातील तिसऱ्या रविवारी येतो. २०२५ साली हा रविवार ४ मे रोजी होता. ह्यानंतर हा पाठ त्या जागी २०२८ साली येईल. म्हणजे पेत्र पडला हे शाळेतील मुलगा दरसाल ऐकतो. पेत्र उठला हे वाचण्याची वेळ येते तेव्हा तो बहुधा सुटीत असतो.

ह्याने बिघडते काय, असे कोणी विचारील. त्यास उत्तर म्हणून मत्तयकृत शुभवर्तमान उघडावे. त्याचा २६ वा अध्याय पेत्राच्या रडण्याने संपतो, आणि २७ व्याच्या आरंभीच यहूदा इस्कर्योत पुढे येतो. त्यालाही पस्तावा झाला होता. घेतलेली ३० चांदीची नाणी परत घेऊन तो याजकांकडे व वडिलांकडे गेला, आणि आपण निर्दोष मनुष्यास धरून देऊन पाप केले, हे त्याने स्वमुखाने कबूल केले. त्या प्रतिष्ठित मंडळींनी त्याला, त्याचे आम्हांस काय, तुझे तूच पाहा, अशा अर्थाचे उत्तर दिले. नाणी मंदिरात फेकून तो बाहेर पडला आणि त्याने आपल्या जिवाचा घात केला. दोघांच्या अपराधांची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. परंतु दोघेही पस्तावले. आणि एकाला तीरावर विस्तव पेटवून वाट पाहणारा भेटला, तर दुसऱ्याला हात झटकणारे भेटले, हा भेद विसरण्यासारखा नाही.

पालकहो, हा भेद आपल्या घरांपर्यंत व वर्गांपर्यंत येतो. प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही स्वतःच ठोकणारा मुलगा, परीक्षेत शेजारणीचे उत्तर पाहून लिहिणारी मुलगी, मित्राला मार बसत असता ‘मी ह्याला ओळखत नाही’ म्हणून निसटणारा विद्यार्थी, हे सर्व त्या अंगणातील शेकोटीपाशीच उभे असतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेतील शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास बंदी केली, हे योग्यच झाले. परंतु छडी गेली म्हणजे ‘तुझे तूच पाहा’ ही वृत्तीही गेली, असे नव्हे. आपण रागावून बोलणे सोडून देतो, चारचौघांत मागची चूक उगाळतो, अथवा ‘आमच्या घराण्यात असे कोणी केले नव्हते’ एवढेच म्हणून पाठ फिरवितो. मुलाने कबुली दिली त्या क्षणी आपण याजकांच्या जागी असतो की तीरावर, हे प्रत्येकाने आपापल्या मनाशी पाहावे.

ह्यावर एक आक्षेप येईल की, अशाने मुले लाडावतील व शिस्त राहणार नाही. ज्यांना असे वाटते त्यांनी २१ वा अध्याय पुन्हा वाचावा. पेत्राची सुटका स्वस्तात झालेली नाही. तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला तेव्हा तो दुःखी झाला, असे शुभवर्तमानकार स्पष्ट लिहितो. जितक्या वेळा नाकारले तितक्या वेळा त्याला उत्तर द्यावे लागले. ही क्षमा अपराधावर पांघरूण घालीत नाही. अपराध्याला समोर बसवून त्याच्याकडून खरे बोलवून घेते, आणि मग त्याच्यावर विश्वास टाकते. शिक्षा करणे ह्याहून पुष्कळ सोपे आहे, आणि दुर्लक्ष करणे त्याहूनही सोपे.

म्हणून माझी सूचना इतकीच आहे. पाठक्रमाच्या वर्षाची वाट न पाहता, शाळा सुटीसाठी बंद होण्यापूर्वी एके दिवशी प्रार्थनेच्या वेळी योहानाचा २१ वा अध्याय मुलांस वाचून दाखवावा. ख्रिस्ती मुलांस तो त्यांच्या प्रभूचे चरित्र म्हणून प्रिय होईल. इतर धर्मांच्या मुलांसही त्यात परके वाटण्याजोगे काही नाही, कारण चुकणे व परतणे हे सर्वांच्याच वाट्यास येते.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्यासाठी दोन शब्द. तुमच्या हातून काही वावगे घडले तर यहूदाप्रमाणे एकटे अंधारात जाऊ नका. घरी किंवा शाळेत असे एखादे माणूस शोधा की, जे आधी तुम्हांस खाऊ घालील आणि मग प्रश्न विचारील. प्रश्न विचारला तर दुःख होईल. ते सोसा आणि खरे उत्तर द्या. ज्याच्या हाती पुढे कळप सोपविला गेला तो कधीच न चुकलेला शिष्य नव्हता. चुकून परत आलेला पेत्र होता.