तीन वर्षांची फाईल, चाळीस वर्षांचा आजार

वाढ खुंटलेल्या मुलाला वाढीचे संप्रेरक सुरू करताना पालक किंमत विचारतात. ते कशापासून बनते, हे क्वचितच. आज ते जनुकतंत्राने तयार होते व त्या दृष्टीने निर्धोक आहे. १९८५ पर्यंत मात्र ते मृतदेहांतील पीयूष ग्रंथींपासून काढीत. हजारो ग्रंथींचा अर्क एकत्र केला जाई आणि त्यांतील एखादी क्रॉइट्झफेल्ट-याकोब रोगाने गेलेल्या माणसाची असली, तर दोष अनेक कुप्यांत वाटला जाई. ब्रिटनमध्ये सुमारे १,८५० जणांना, बहुतेकांना बालवयात, हे औषध मिळाले. त्यांतील सत्तरांहून अधिक जण या रोगाने गेले. फ्रान्समध्ये हा आकडा शंभरावर गेला.

या रोगाचे कारण असलेला प्रायॉन ना जीवाणू, ना विषाणू. आपल्याच मेंदूतील एका प्रथिनाची ती चुकलेली घडी, आणि ती शेजारच्या निरोगी प्रथिनालाही तशीच घडी घालते. अमिनो आम्लांचा क्रम एकच असूनही घडी निराळी पडली, की प्रायॉनचा स्ट्रेन निराळा. ब्रिटनमध्ये आधी आजारी पडलेल्यांत प्रायॉन जनुकाच्या १२९व्या स्थानी निदान एक व्हॅलिन असलेले अधिक होते. फ्रान्समध्ये दोन्ही मेथिओनिन असलेले. दोन देशांच्या अर्कांत निरनिराळे स्ट्रेन शिरले असावेत, हे अनुमान त्यावरून निघाले. औषध घेतल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ ४० वर्षांपर्यंत लांबलेला आढळला.

हे कळले ते प्रयोगशाळांमुळे, आणि तितकेच कारकुनी चिकाटीमुळे. नोंदी होत्या म्हणून ब्रिटनमधील रुग्णांना विल्हेल्मी पद्धतीने काढलेला अर्क मिळाला होता, हे उमगले. जपून ठेवलेल्या जुन्या कुप्यांत २०१८ साली अमायलॉइड-बीटा सापडले. २०२४ साली असा अर्क घेतलेल्या काहींना अल्झायमरसदृश स्मृतिभ्रंश झाल्याचे प्रसिद्ध झाले. (अल्झायमर सहवासाने पसरतो, असा अर्थ कृपया कोणी काढू नये.)

आपल्याकडे २००२ ची नियमावली आंतररुग्णांचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपण्यास सांगते. म्हणजे पाच वर्षांच्या मुलाचे कागद तो तिसरीत जाईतो रद्दीत जाऊ शकतात! बालरोगतज्ज्ञांना तरी ही मुदत पुरेशी वाटू नये. रक्त, इम्युनोग्लोब्युलिन, अल्ब्युमिन, रक्त गोठविणारे घटक, जे जे मानवी शरीरातून आले, त्याचे नाव व बॅच क्रमांक कायमच्या नोंदवहीत असावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ब्रिटनमध्ये व्हेरियंट सीजेडी रक्तातून संक्रमित झाल्याचे ओळखता आले, ते दाता आणि रुग्ण यांच्या नोंदी जुळविता आल्या म्हणूनच.

लिहिण्यास वेळ नाही, ही तक्रार मला ठाऊक आहे. परंतु लसीकरणाचे कार्ड आपल्याकडील कित्येक आया दागिन्यांच्या डब्यात जपतात. त्याच्या कोऱ्या जागेत औषधाचे नाव आणि कुपीवरील क्रमांक उतरविण्यास अर्धे मिनिट पुरते, आणि ते कार्ड कोणत्याही रुग्णालयाच्या रद्दीत जात नाही.